सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर घ्यावा का? शीळफाट्याच्या एका कॉफी काउंटरवरून

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, किंवा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अडकला असाल, तर आज निवांत ऐका. एपिसोड आधी संपेल, ट्रॅफिक नंतर सुटेल.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. मुंब्रा, महापे आणि कल्याण या तिन्ही बाजूंचे रस्ते जिथे एकमेकांना भिडतात, ते आमचं शीळफाटा. बुलेट ट्रेनचा बीकेसीपासून येणारा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच संपतो. आणि याच कल्याण-शीळ रस्त्यावर टॉवर उभे राहिले, तसे कॉफीचे छोटे काउंटरही उभे राहिले. आजची गोष्ट अशाच एका काउंटरची आहे.

विषय मात्र अगदी छोट्या वस्तूचा. टॅम्पर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय, "दादा, सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर घेऊ का? की साध्यावर भागेल?" सरळ हो किंवा नाही म्हणता आलं असतं, पण त्याने तुमचे पैसे वाचले नसते. म्हणून आधी ही वस्तू नेमकं काय करते ते बघू, मग खिशात हात घालू.

सुरुवातीला एक गोंधळ मिटवतो. आपल्याकडे एस्प्रेसो म्हटलं की अजूनही काही जणांना लग्नातली कॉफी आठवते. मांडवाच्या कोपऱ्यात फुसफुसणारं मशीन, कपात इन्स्टंट पावडर, साखर, दूध, त्यात सोडलेली वाफ आणि वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर. मला ती आवडते, तिला कोणी नावं ठेवू नका. पण त्यात टॅम्परला काही काम नाही. आज आपण बोलतोय त्या एस्प्रेसोबद्दल, जिथे ताजी दळलेली कॉफी धातूच्या गाळणीत, म्हणजे बास्केटमध्ये, दाबून बसवतात आणि तिच्यातून गरम पाणी जोरात ढकलतात.

किती जोरात? साधारण ९ बार. १९६१ साली इटलीतल्या फाएमा कंपनीचं ई-६१ मशीन आलं, त्यात हा दाब विजेवरच्या पंपाने द्यायला सुरुवात झाली. त्याआधी गाजियाच्या मशीनमध्ये तो तरफ ओढून, स्प्रिंगच्या जोरावर मिळायचा. ई-६१ च्या घराण्यातली ५८ मिलिमीटरची बास्केट आजही जगभरच्या कॅफेंत दिसते.

आता थोडं गणित, घाबरू नका. ५८ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटचं क्षेत्रफळ होतं साधारण २६ चौरस सेंटीमीटर. ९ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण ९ किलोचा भार. गुणाकार करा. पाणी त्या कॉफीच्या वडीवर जवळपास २४० किलोचा भार टाकतं. आणि आपण हाताने दाबतो किती? पुस्तकी आकडा आहे ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो. मग तुम्ही १२ किलोने दाबलं की १५ किलोने, याने किती फरक पडणार? फारसा नाही. कॉफी एकदा नीट बसली की आणखी जोर लावून ती फार दबत नाही. म्हणजे "दंडात ताकद पाहिजे" हा गैरसमज इथेच सोडून द्या.

फरक कशाने पडतो? सपाटीने.

घरी नारळाच्या वड्या थापताना बघितलंय ना? गरम सारण ताटात ओततात आणि तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने थापतात. वाटी जरा तिरकी फिरली की एका बाजूची वडी जाड, दुसऱ्या बाजूची पातळ. वडीचं काही बिघडत नाही, खाणारा जाड तुकडा उचलतो. पण कॉफीच्या वडीतून पाणी जायचं असतं, आणि पाणी आळशी असतं. जिथे अडथळा कमी तिथून ते पळतं. बाथरूमच्या लाद्यांना गवंडी ढाळ देतो तो याच भरवशावर. गवंड्याला ढाळ हवा असतो, आपल्याला तोच नको असतो.

१८ ग्रॅम कॉफी दाबून झाली की तिची जाडी साधारण सव्वा ते दीड सेंटीमीटर राहते. त्यात टॅम्पर तिरका बसून एका कडेला दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर ती कड चांगलीच पातळ झाली. पाणी तिथून घुसणार. त्या बाजूच्या कॉफीतून गरजेपेक्षा जास्त उतरणार, तिथून कडवटपणा. दुसऱ्या बाजूची कॉफी अर्धी कच्ची राहणार, तिथून आंबटपणा. एकाच कपात दोन्ही. पाणी अशी चोरवाट काढतं त्याला चॅनलिंग म्हणतात. शीळफाट्यावर जाम लागला की सगळ्या बाइक ज्या एका फटीतून घुसतात ना, अगदी तसंच.

आता त्या काउंटरकडे येऊ.

माझ्या मावसभावाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, नोकरी सोडून कल्याण-शीळ रस्त्याला एक काउंटर सुरू केला. साठवलेले पैसे मशीन, ग्राइंडर आणि डिपॉझिटमध्ये गेले. सकाळी त्या स्वतः उभ्या राहतात. संध्याकाळी एक मुलगा असतो, १९ वर्षांचा, दिव्याहून येतो, रात्री काउंटर बंद करून परत जातो. काम चोख, गिऱ्हाइकाशी बोलणं गोड. पण संध्याकाळच्या कपाबद्दल तक्रारी यायला लागल्या. "सकाळी छान होती, आता कडू का लागतेय?" नेहमीचं गिऱ्हाईक दोनदा बोलतं, तिसऱ्यांदा येतच नाही. ऑफिसमधून थकून येणारा माणूस वाद घालत बसत नाही, तो पुढच्या दुकानात जातो.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरगा चांगला आहे हो, पण त्याचा हात बसत नाहीये. पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

हात बसणं. आपला किती आवडता शब्द आहे हा! पोळीला हात बसतो, शिवणकामाला हात बसतो. पण त्याचा एक अर्थ असाही होतो, की नाही बसला तर दोष हाताचा, म्हणजे माणसाचा. मला तेवढं पटेना. म्हणून एका शनिवारी दुपारी दोघांना शेजारी उभं केलं. ग्राइंड तेच, कॉफी मोजून १८ ग्रॅम, कपात ३६ ग्रॅम उतरेपर्यंत घड्याळ. दोघांनी पाच-पाच शॉट काढले.

वहिनींचे पाचही २७ ते ३० सेकंदांत. पोराचे २१ पासून ३१ पर्यंत, कुठेही.

मग आम्ही बॉटमलेस पोर्टाफिल्टर लावला. म्हणजे खालची तोटी नसलेला, ज्यात बास्केटचं बूड उघडं दिसतं. त्यात लबाडी लपत नाही. पोराच्या पाचपैकी चार शॉटमध्ये धार त्याच एका कडेने आधी सुरू झाली आणि तीच बाजू लवकर फिकी पडली. दरवेळी तीच बाजू. गडबड असती तर धार कधी इकडून, कधी तिकडून आली असती. चूक इतकी नियमित असेल, तर तिला कारणही ठरलेलं असतं.

कारण ओट्याच्या उंचीत होतं. ओटा वहिनींच्या उंचीने बांधलेला, आणि पोरगा त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. टॅम्पर सरळ दाबायचा तर कोपर मनगटाच्या बरोबर वर यायला हवं. त्याचं येत नव्हतं. तो वाकून, खांदा एका बाजूला टाकून दाबत होता. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, मी ताईंएवढंच दाबतो की! उलट जास्तच." खरंच जास्त दाबत होता. फक्त तिरकं. दिवसाला पन्नास-साठ कप असे काढून त्याचं मनगटही दुखत होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरी नवीन असली की कोण सांगतं?

तर आता प्रश्न आला: सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर इथे काय करतो?

साध्या टॅम्परला आधार असतो फक्त तुमच्या हाताचा. हात तिरका, टॅम्पर तिरका. सेल्फ-लेव्हलिंगमध्ये बुडाच्या वर एक रुंद कडं असतं, बास्केटपेक्षा मोठं. ते बास्केटच्या काठावर टेकतं आणि बूड त्याच्यातून सरळ खाली उतरतं. म्हणजे सपाटी कोण ठरवतं? बास्केटचा काठ. तुमचा खांदा, कोपर, ओट्याची उंची, काहीच मधे येत नाही. गवंडी डोळ्याच्या अंदाजावर भिंत बांधत नाही, पाणसळ लावतो. हा टॅम्पर म्हणजे कॉफीची पाणसळच.

बाजारात याचे मुख्य तीन प्रकार दिसतील.

पहिला स्प्रिंगवाला. दाबलं की स्प्रिंग ठराविक जोर देते आणि ती पूर्ण दबली की हँडल थांबतं. नॉर्मकोरसारख्या कंपनीच्या मॉडेलमध्ये १५, २५ आणि ३० पौंडांच्या स्प्रिंग बदलता येतात. यात सपाटीही सांभाळली जाते आणि जोरही. दोन-तीन माणसं एकच मशीन वापरत असतील तर माझं मत याला.

दुसरा पुश टॅम्पर. चपटा, तळहाताखाली धरायचा. यात खोली ठरवून ठेवता येते, बूड तेवढंच खाली जातं. मनगटाला आराम मिळतो. पण अट एकच, कॉफी दरवेळी तंतोतंत तेवढीच हवी. १८ ऐवजी १६ ग्रॅम पडली तर खोली तीच राहील आणि कॉफी सैल बसेल. वजनकाटा वापरत नसाल तर याच्या वाटेला जाऊ नका.

तिसऱ्यात कडं असतं, स्प्रिंग नसते. सपाटी तो सांभाळतो, जोर तुमचा. घरी एकटेच बनवत असाल तर हाही पुरतो.

आणि ऑनलाइन घेताना सावध राहा. खाली तीन-चार पाती असलेली, गोल फिरवायची एक वस्तू अगदी अशीच दिसते. तो डिस्ट्रिब्यूटर. तो वरची कॉफी पसरवतो, टॅम्परचं काम तो करत नाही.

आता विकत घेण्याआधी काय तपासायचं? हे लक्ष देऊन ऐका, पैसे इथेच वाचतात.

एक, माप. ब्रेव्हिलची बरीच घरगुती मशीन ५४ मिलिमीटरची आहेत, त्यांना ५३.३ चा टॅम्पर लागतो. डे'लाँगी डेडिका ५१ ची. गाजिया क्लासिक आणि रॅन्सिलिओ सिल्विया ५८ च्या. ५८ वाल्यांना दोन पर्याय दिसतील, ५८ आणि ५८.५. मोठा घेतला तर कडेला न दबलेली कॉफी कमी राहते, पण तो प्रत्येक बास्केटमध्ये जाईलच असं नाही. व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास मोजा, आणि काठापाशी न मोजता सेंटीमीटरभर खाली मोजा. काही बास्केट वर रुंद आणि खाली अरुंद असतात. कॅलिपर नसेल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे बास्केट घेऊन जा, तो मोजून देईल.

दोन, कॉफीची उंची. कडं काठावर टेकलं तरच सगळा खेळ. बास्केट इतकी भरली की बूड कॉफीवरच अडकलं आणि कडं हवेत राहिलं, तर तुमचा महागडा टॅम्पर साधा टॅम्पर झाला. उलट मोठ्या खोल बास्केटमध्ये कमी कॉफी टाकली, तर बूड नीट पोचण्याआधीच हँडल थांबेल. बास्केट जेवढ्या ग्रॅमची आहे, साधारण तेवढीच कॉफी भरा.

तीन, बास्केटचा प्रकार. स्वस्त मशीनबरोबर बऱ्याचदा प्रेशराइज्ड बास्केट येते, खाली एकच बारीक भोक असलेली. तिथे दाब त्या भोकामुळे तयार होतो, तुमच्या टॅम्पिंगमुळे नाही. अशा बास्केटला सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर लावून चवीत काही हाती लागणार नाही. आधी साधी, भरपूर भोकांची बास्केट घ्या. आणि तिला पुरेसं बारीक दळणारा ग्राइंडर आहे ना, हे बघा.

चार, स्वच्छता. सगळी सपाटी काठावर अवलंबून आहे म्हटल्यावर काठावर कॉफीचे कण राहिले तर काय होईल? कडं त्या बाजूला उचललं जाईल, म्हणजे ज्या तिरकेपणासाठी पैसे दिले तोच परत. म्हणून दाबण्याआधी काठावरून बोट फिरवायचं. दरवेळी. आणि कडं व बूड यांच्या फटीत पूड अडकते, तेव्हा सहज उघडून पुसता येणारंच मॉडेल घ्या. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत ती पूड तिथे चिकटून बसते.

आता या टॅम्परला काय जमत नाही, तेही सांगितलंच पाहिजे. तो वरची पातळी सरळ करतो. आत कॉफी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडली असेल, तर वरून सपाट दिसेल आणि आतून एक बाजू घट्ट, एक सैल राहील. ताटात सारण एकाच बाजूला ओतून वरून वाटी फिरवण्यासारखं. म्हणून आधी बारीक सुयांनी कॉफी ढवळून मोकळी करायची. जॉन वाइस नावाच्या एका हौशी माणसाने ही पद्धत लोकांपुढे आणली, त्याच्याच नावाने तिला डब्ल्यूडीटी म्हणतात. महागडी वस्तू हवीच असं नाही, बुचात खोचलेल्या पाच-सहा बारीक सुया पुरतात. आणि ग्राइंडर वाईट असेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा: ग्राइंडर, वजनकाटा, बास्केट, सुया आणि मग टॅम्पर.

काउंटरवर काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा फुकटचा उपाय केला. पोराच्या शिफ्टला टॅम्पिंग मॅटखाली एक जाड लाकडी पाट ठेवला, त्याचं कोपर वर आलं. धार बरीच सुधारली. पण गर्दीच्या वेळी पाट सरकायचा, आणि सकाळी वहिनींना तो उचलून ठेवावा लागायचा. म्हणून मग ५८.५ चा स्प्रिंगवाला टॅम्पर घेतला, बास्केटचं माप घेऊन, २५ पौंडांच्या स्प्रिंगसह. परत पाच-पाच शॉट. पोराचे २६ ते ३०, वहिनींचे २७ ते ३०. कोणाचा कोणता, हे मला कपावरून सांगता आलं नाही.

सगळं सुटलं का? नाही. संध्याकाळी ग्राइंडर तापलेला असतो, पावसाचा ओलावा असतो, ग्राइंड थोडा हलवावा लागतोच. पण आता तो हलवायचा कधी, हे पोराला कळतं. पूर्वी शॉट बिघडला तर हात चुकला की ग्राइंड चुकला, हेच समजायचं नाही. आता हाताचा प्रश्न उरला नाही, त्यामुळे घड्याळ जे सांगतं ते ग्राइंडबद्दल सांगतं.

आणि हिशेबही बघा. दिवसाला पाच शॉट ओतून द्यावे लागले तर १८ ग्रॅमने झाले ९० ग्रॅम. महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम. तुम्ही घेता त्या कॉफीच्या किलोच्या भावाने गुणा आणि मग ठरवा टॅम्पर महाग आहे की स्वस्त. पण घरी दिवसाला दोनच कप करत असाल, तुमचे शॉट आताच दोन-तीन सेकंदांच्या फरकात बसत असतील, तर खरंच घेऊ नका. त्या पैशात चांगल्या चिकमगळूरच्या बिया आणा.

काही बरिस्ता म्हणतात, असली वस्तू म्हणजे कुबडी, खऱ्या कारागिराला लागत नाही. मला त्यांच्या कौशल्याबद्दल आदर आहे. वर्षानुवर्षं हात घडवलाय त्यांनी. पण दिव्याहून गर्दीत लटकत येणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला हात घडेपर्यंत नोकरीवर ठेवणार कोण? साधन बरोबर असेल तर माणसाला शिकायला वेळ मिळतो. तो पोरगा अजून तिथेच आहे. आता दुधावर नक्षी काढायला शिकतोय, आणि तिथे कोणतीच पाणसळ चालत नाही, तिथे हातच बसवावा लागतो.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. काहीही ऑर्डर करण्याआधी पाच शॉट काढा. कॉफी तोलून, ग्राइंड न हलवता, घड्याळ लावून. पाचही आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. दोन-तीन सेकंदांचा फरक असेल तर तुमचा हात ठीक आहे. सात-आठ सेकंदांचा असेल तर आधी सुयांनी ढवळा, ओट्याची उंची बघा, परत मोजा. तरीही फरक राहिला, आणि धार दरवेळी एकाच कडेने येत असेल, तर सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर तुमच्यासाठीच आहे.

आकडे मला नक्की पाठवा, मशीनचं नाव आणि बास्केटचं माप लिहायला विसरू नका. पुढच्या भागात ग्राइंडरवर बोलू, हाताचा घ्यावा की विजेचा. तोपर्यंत काळजी घ्या, बास्केटचा काठ पुसा, आणि कॉफी गरम असतानाच प्या. भेटूया!